मिठाच्या पाण्यात पिशवी विरघळत नाही, आत्या!

"समुद्राचं खारं पाणी प्लास्टिक तासाभरात विरघळवतं, जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. किनाऱ्यावरचा कचरा परदेशी जहाजांचा असतो. साफसफाई म्हणजे नुसती फोटोंची हौस." हा मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सोडून दिला असता, पण परवा आमच्या आत्याने निर्माल्याची पिशवी गाठीसकट दादर चौपाटीवर सोडली आणि वर मलाच ऐकवलं, "विरघळतं रे ते आता."

जपानचं आधी. बातमी अगदीच खोटी नाही, एवढं कबूल करावं लागतं. तिथल्या रिकेन संस्थेत ताकुझो आइदा यांच्या गटाने खाऱ्या पाण्यात विरघळणारं प्लास्टिक बनवलं. शोधनिबंध नोव्हेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. पण ते प्लास्टिकच मुळात वेगळं! त्याचे घटक क्षारसेतूंनी, म्हणजे विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने बनलेल्या जोडांनी, जोडलेले असतात आणि खाऱ्या पाण्यात ते सेतू सुटतात. गुण त्या प्लास्टिकचा, समुद्राचा नव्हे. फुलवाल्याची पिशवी साध्या पॉलिथिनची. तिला मीठ काय करणार? वाण्याकडे मीठ मिळतं तेच मुळी प्लास्टिकच्या पिशवीत! कोळ्यांची नायलॉनची जाळी रोज खाऱ्या पाण्यात पडतात, ती कुठे विरघळली?

पिशवीचं खरं काय होतं, तर उन्हाने ती ठिसूळ होते आणि लाटांनी तिचे तुकडे पडतात. ५ मिलिमीटरहून बारीक झाले की त्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. मग ते वाळूतून वेचताही येत नाहीत, आणि मासे ते गिळतात. दिसेनाशी झाली म्हणजे विरघळली, हा हिशेब कुणी लावला?

जहाजं. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं आणि तिथल्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे दाणे आले, बरोबर. पण त्याच 'सायन्स'मधला २०१५ चा जेना जॅम्बेक यांचा अभ्यास सांगतो की १९२ किनारी देशांच्या जमिनीवरून एकट्या २०१० साली ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. आपली मिठी नदी माहीमच्या उपसागरातच उतरते ना? आणि वाळूत सापडणाऱ्या गुटख्याच्या पुड्या काय परदेशी खलाशांच्या? (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तो विषय वेगळा.)

साफसफाईचं थोडक्यात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा कचरा पुन्हा किनाऱ्यावर लोटतो, मान्य. तरी वर्सोव्याला २०१५ पासून वकील अफरोज शाह आणि लोकांनी तो उपसला, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. फोटो काढतात म्हणे. काढू देत की!