७२५ किलोंचं सुख

अभिनंदन! सेकंडहँड लोटस एलिस, ही दोन माणसांची चिमुकली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायचं तुमचं ठरलंय, म्हणजे शहाण्या माणसांचं ऐकायची वेळ टळून गेली. आता निदान माझं ऐका.

पहिलं म्हणजे वजन. १९९६च्या पहिल्या एलिसचं वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास. ॲल्युमिनियमचे भाग इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेली तिची चॅसी, म्हणजे सांगाडा, अवघी ६८ किलोंची, म्हणजे चॅसीपेक्षा मालक जड असण्याचीच शक्यता जास्त. ‘आधी सोपं करा, मग हलकेपणा घाला’ हा मंत्र लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या नावावर सांगितला जातो. चॅपमन १९८२ साली गेले, त्यामुळे या गाडीची बिलं काही त्यांनी पाहिली नाहीत. वस्तुमान नाहीसं होत नाही, हे आपण शाळेत पाठ केलं होतं. तेव्हा एलिसमधून काढलेले किलो हवेत विरले असं समजू नका. ते मालकाच्या नावावर चढवलेले असतात: थोडे गुडघ्यांत, थोडे डोक्यात आणि उरलेले गॅरेजच्या वहीत.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच तापलेलं असेल. याला आदरातिथ्य म्हणतात. गार इंजिन सुरू होताना काय काय बोलतं, ते ऐकायचा हट्ट धरू नका. एवढा विचारी विक्रेता दुखावला जाईल. ऑइलचं झाकण उघडून बघायची फार खाज असेल तर बघा. खाली पिवळसर साय दिसली तर विक्रेता म्हणेल, ‘दव आहे ते, गाडी फार चालत नाही ना.’ पंचाईत अशी, की कधीकधी ते खरोखरच दव असतं. आणि कधीकधी ते हेड गॅस्केट असतं, म्हणजे इंजिन आणि त्याचं डोकं (हेड) यांच्यामधला पातळ थर फाटून तेलात पाणी मिसळलेलं असतं.

या गॅस्केटवर थोडं थांबायला हवं, कारण गाडीही तिथेच थांबते. सुरुवातीच्या एलिसमध्ये रोव्हरचं के-सीरीज इंजिन, १.८ लिटरचं. तेही हलकं, म्हणून तर निवडलेलं. त्यात मुळात पाणीच कमी मावतं. इंजिन तुमच्या पाठीशी आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी, त्यामुळे त्या मूठभर पाण्याला अख्ख्या गाडीची पायपीट. पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट असा बसवलेला, की तो उघडला की तापलेल्या इंजिनात गार पाण्याचा लोंढा. हेड जागच्या जागी धरून ठेवायला एका काळात प्लास्टिकच्या खुंट्या होत्या. पुढे त्या पोलादी झाल्या, याला प्रगती म्हणतात. हे गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, थेंबभर कमी झालं तरी हे इंजिन मनाला लावून घेतं, पण तापमानाचा काटा तुम्हाला ते सांगेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून कूलंटची टाकी रोज सकाळी बघा. घरच्यांनी विचारलंच, तर पूजा म्हणा.

ज्यांना एवढी भक्ती झेपत नाही, त्यांनी टोयोटाचं इंजिन असलेली गाडी बघावी. २००४पासून ती मिळू लागली. या इंजिनाची गंमत ६,२०० आरपीएमच्या पुढे सुरू होते. तिथे इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅम बदलतो आणि गाडी मागून लाथ मारल्यासारखी सुटते. आता काही गाड्यांमध्ये तो कॅमच झिजलेला असतो, मग लाथ बसत नाही. पण सभ्यपणे गाडी चालवणाऱ्याला हे आयुष्यभर कळणार नाही. सभ्यपणे चालवायची तर एलिस कशाला घेतली, हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

गाडीखाली तेलाचे डाग नाहीत, हे पाहून हुरळून जायला हरकत नाही. तिच्या पोटाखाली सपाट पत्रा असतो. गळलेलं तेल त्यावर साठतं, जमिनीला त्रास होत नाही. पत्रा काढायचा तर बरेच बोल्ट सोडवायचे, आणि त्यातले एक-दोन तरी गंजून तिथेच कायमचे वस्तीला आलेले असतात. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्या चॅसीला धरून असलेले सस्पेन्शनचे आर्म साध्या पोलादाचे आहेत, आणि पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यात शेजारी ठेवले की त्यांचं काय होतं, हे एखाद्या रसायनशास्त्राच्या मास्तरांना विचारा.

रेडिएटरचं सांगायचं राहिलं. त्याच्या कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या, वयोमानाने तडकतात. रेडिएटर स्वतः काही फार महाग नाही. फक्त तो नीट बदलायचा तर गाडीचा अख्खा पुढचा भाग उतरवतात, कारण बॉनेट, बंपर, मडगार्ड असे वेगवेगळे भाग इथे नाहीतच. एकच भलंमोठं फायबरचं कवच आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याच न्यायाने पार्किंगमध्ये कोणी हळूच घासून गेलं, तर तुमचा बंपर जात नाही, अर्धी गाडी जाते. आणि धक्का आत चॅसीपर्यंत पोचला तर ठोकून सरळ करायची सोयच नाही. चिकटवलेली वस्तू आहे ती. इन्शुरन्सवाला येतो, दोन फोटो काढतो आणि शोकसंदेशाच्या सुरात बोलू लागतो.

किलोमीटर कमी आहेत, हे विक्रेता तीनदा सांगेल. तुम्ही टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. ३२११ म्हणजे २०११ सालचा ३२वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र पाटीसारखं कडक. एवढ्या हलक्या, मागे इंजिन असलेल्या गाडीला ओल्या वळणावर असे टायर मिळाले की तुम्ही कुठून आलात हे तुम्हाला समोरच्या काचेतून दिसतं.

आत बसण्याविषयी काय बोलावं! छप्पर काढलेलं असेल तर सीटवर उभं राहून खाली घसरा. छप्पर असेल तर आधी एक पाय, मग बूड, मग डोकं, मग उरलेला पाय. क्रम चुकला तर बाहेर येऊन पहिल्यापासून. पावसात छपराच्या कडेने पाणी नेमकं मांडीवर येतं. सांडून खराब व्हावं असं आत फारसं काही नाही, हा हलकेपणाचाच फायदा.

गाडीचं हे नाव कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रोमानो आर्टिओली यांच्या नातीवरून ठेवलेलं आहे. नातीचे लाड जसे हिशेब न ठेवता करतात, तसेच हिचे करायचे. बिलं फाइलला लावा, पण बेरीज करू नका. मी हे मनापासून सांगतो आहे.

कारण मग एखाद्या पहाटे रिकामा, वळणावळणाचा रस्ता मिळतो. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा तळहातात येतो. वळण संपतं आणि आपण हसतोय हे आपल्याला उशिरा कळतं. अशी वीस मिनिटं. परत आल्यावर टाकीतलं कूलंट बोटभर खाली.

दोन-तीन वर्षांनी तुम्हीही जाहिरात द्याल. एक उत्साही माणूस यायचा असेल. तो पोचण्याच्या अर्ध्या तासाआधी तुम्ही इंजिन सुरू करून ठेवाल. तो ऑइलचं झाकण उघडेल, वाकून बघेल आणि काही विचारण्याआधीच तुम्ही म्हणाल, ‘दव आहे हो ते.’