'वरेन्यं' म्हटलं म्हणून घर बुडत नाही

माझी मोठी माय वेचणीला निघायच्या आधी ओट्यावर बसून अकरा वेळा गायत्री म्हणायची. मागच्या महिन्यात बंद केलं. विचारलं तर म्हणाली, "मोबाईलवर आलं ना बापू, उच्चार चुकला त घर बुडते म्हन्ते. मले कुठी बराबर येते?"

तो मेसेज गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. उच्चार चुकला की मंत्र उलटतो, दीक्षेशिवाय म्हणू नये, बाईनं तर नाहीच, आणि पहाटे चारला १०८ झाले नाहीत तर फळ शून्य.

उच्चाराला दाखला इंद्रशत्रूचा दिलाय. कथा खरंच जुनी आहे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून देवांचा कारागीर त्वष्ट्यानं यज्ञ केला, 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, अर्थ 'इंद्र ज्याला मारेल तो' असा झाला आणि त्या यज्ञातून जन्मलेला वृत्रच इंद्राच्या हातून मेला. पण तो यज्ञ कुणाच्या तरी नाशासाठी होता. मोठी माय बुद्धीला उजेड मागते. शिवाय तिथली चूक उदात्त-अनुदात्ताची, म्हणजे वेदपठणातल्या स्वराच्या चढ-उताराची. कॅसेटच्या चालीवर गायत्री म्हणणारे आपण बहुतेक जण ते स्वर पाळतच नाही.

मोठी माय मंत्रातल्या 'वरेण्यं'ला 'वरेन्यं' म्हणते. वऱ्हाडीत पाणीचं पानी होतं, तसंच हे. शेगावच्या पायी वारीत 'गन गन गनात बोते' असंच ऐकू येतं, आणि १८७८ साली प्रकटलेल्या गजानन महाराजांच्या दारातून त्यासाठी कुणाला परत पाठवल्याचं मी ऐकलं नाही. याच शब्दाची आणखी एक गोष्ट. गायत्री छंदाचे आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, एकूण २४. पण 'तत्सवितुर्वरेण्यं' मोजा, सातच भरतात. म्हणून छंद मोजताना 'वरेणियम्' असं सोडवून आठ करतात.

शुद्ध म्हणावं, हे मलाही मान्य. मग शेजारी बसून शिकवा ना! आठवडाभर एकच चरण, सावकाश. 'ण'ला जीभ मागं वळवून टाळूला लावायची. भीती घालून कुणाची जीभ वळत नाही.

बाईचं म्हणाल, तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घोषा या ऋषिकेची सूक्तं आहेत. तिचं काय करायचं ते आधी सांगा.

मुंजीत गायत्रीचा उपदेश होतो, ही परंपरा आहे. गुरू करायचा त्यानं जरूर करावा. पण मंत्रात 'नः' आहे, म्हणजे 'आमच्या' बुद्धीला प्रेरणा दे. त्या 'आमच्या'तून मोठ्या मायला कुणी वगळलं?

राहिला आकडा आणि वेळ. रात्रीच्या लायनीवर, म्हणजे रात्री मिळणाऱ्या विजेवर, ओलित करून माणूस पहाटे घरी येतो, त्याला चारचा मुहूर्त कुठला? २००१ साली छापून आलेल्या अभ्यासात इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. भाषा वेगळ्या, श्वास तसाच संथ. तेवढं अकरा वेळांतही साधेल, असं मला वाटतं.

काल मोठी माय पुन्हा ओट्यावर बसली. 'ण' दोनदा नीट आला, तिसऱ्यांदा 'न' झाला. ती थांबली नाही.