टॉर्चला एक स्टार: आमचं उत्तर

नमस्कार ताई. आमच्या दुकानातून नेलेल्या, दागिने झाळायच्या (म्हणजे तापवून जोडायच्या) गॅस टॉर्चबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार आणि चार तक्रारी: टॉर्च बोगस आहे, चांदीच्या कड्यावर सोल्डर (जोड बसवायचा, चांदीआधी वितळणारा धातू) वितळतच नाही, वापरलेला टॉर्च परत घ्यायला नकार दिला, आणि गॅसची टाकी मागितली तर 'आमच्याकडे नाही' म्हणून वाटेला लावलं. उद्या दुसरं कोणी हे वाचून गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, टॉर्च घ्यायला येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही नेलात तो हातात मावणारा, लायटरचा गॅस, म्हणजे ब्युटेन, भरायचा टॉर्च. कानातले आणि नाजूक अंगठ्या करणार असं तुम्ही सांगितलं होतं, आणि त्या कामाला तो आजही पुरतो. रिव्ह्यूसोबतच्या फोटोत मात्र चांगलं जाडजूड कडं आहे.

नवशिके फसतात ते खोक्यावरच्या आकड्याला. टॉर्चवर १३०० अंश लिहिलेलं असतं, शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, सोल्डर तर त्याच्याही बरंच आधी, ७०० च्या आसपास. मग अडतंय कुठं? अडतं ते चांदीच्या स्वभावात. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत वेगानं वाहून नेते, सोन्यापेक्षाही साधारण एक तृतीयांश जास्त. तुम्ही जोडावर ज्योत धरता, पण ती उष्णता तिथं थांबत नाही, अख्ख्या कड्यात पसरते आणि हवेत निघून जाते. भोक पडलेल्या घागरीत वाटीनं पाणी ओतत बसल्यासारखं ते आहे. सोन्याच्या साखळीची कडी याच टॉर्चवर दोन-चार सेकंदात झाळली जाते, कारण तिथं तापवायला धातूच किती असतो!

म्हणजे बघायचं ते ज्योत किती गरम यापेक्षा ज्योत किती मोठी. शिवाय छोट्या टॉर्चमधलं ब्युटेन वाफ होताना टाकीच गार करतं, दाब उतरतो, आणि ऐन वेळी ज्योत आखडते. तुम्ही लिहिलंय 'पाच मिनिटांनी कमजोर होतो', ते यामुळंच. थोडा वेळ ठेवा, पुन्हा पहिल्यासारखा पेटेल.

आणखी एक. फोटोत कडं थेट कडप्प्यावर ठेवलंय. निम्मी उष्णता तो दगडच पितोय, आणि तापलेला दगड तडकून उडूही शकतो. कोळशाचा ठोकळा किंवा सोल्डरिंगची हलकी वीट घ्या. जोडाला टाकणखार (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावतात तो खार) लावा, मोठ्या मऊ ज्योतीनं आधी सगळं कडं फिरवून तापवा आणि शेवटी जोडावर या. टाकणखार आधी पांढरा फुलतो, मग काचेसारखा बसतो. त्यानंतर सोल्डरवर लक्ष ठेवायचं. सोल्डर ज्योतीनं वितळवायचं नसतं, तापलेल्या चांदीनं वितळवायचं असतं. जिकडं जास्त गरम तिकडं ते पळतं.

तुम्हाला दुसरीकडं ऑक्सिजनचा सेट घ्या असं सांगितलं म्हणे. घ्यायचा तर घ्या, पण कड्यासाठी त्याची गरज नाही. एलपीजीला ऑक्सिजन जोडला की ज्योत २८०० अंशांच्या घरात जाते. ती प्लॅटिनमला हवी, ते १७६८ अंशांना वितळतं. ९२५ ची चांदी (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी भेसळ) ८०० च्या पुढं ढिली पडायला लागते; नवख्या हातात तसली टोकदार ज्योत म्हणजे जोड तसाच आणि कड्याचा गोळा. आम्हाला विकायला तो सेट परवडला असता, खोटं कशाला बोलू! पण हुपरीत पैंजणं करणारे कित्येक कारागीर एलपीजी आणि पायाच्या भात्यावर काम करतात, आधीची पिढी तर दिवा आणि फुंकणीवर करायची. तुम्हालाही एलपीजीचा हवा ओढणारा टॉर्च, मोठं तोंड आणि त्याचा वेगळा हाय प्रेशर रेग्युलेटर एवढं बास आहे. शेगडीचा रेग्युलेटर चालणार नाही, त्यातून दाब फार कमी येतो.

आता टाकीचं. गॅस आम्ही विकत नाही आणि भरूनही देत नाही. तुम्ही म्हणालात, 'घरची टाकी जोडून द्या, नाहीतर चौकात छोटी टाकी भरून मिळते.' घरची १४.२ किलोची टाकी स्वयंपाकासाठी असते, धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. आणि चौकातलं भरणं म्हणजे एका टाकीतून दुसरीत गॅस उलटा करणं. त्यावर मी काय बोलायचं? गॅस कंपन्यांच्या वितरकाकडं ५ किलोची टाकी ओळखपत्रावर मिळते, तुमच्या कामाला ती पुष्कळ झाली. टाकी उभी ठेवा, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो, त्यामुळं फ्लॅटमध्ये वरची खिडकी उघडून भागत नाही, खालून हवा जायला वाट हवी. हे सगळं त्या दिवशी काउंटरवर सांगत होतो, तेव्हा तुमची बस चुकत होती. उद्धटपणा वाटला असेल तर तो हेतू नव्हता.

गॅस भरून पेटवलेला टॉर्च परत घेत नाही, हे बिलावर छापलंय आणि ते बदलणार नाही. पण कडं घेऊन या. मोठ्या टॉर्चवर आमच्या बाकावर तुमच्याच हातानं झाळून बघा, त्याचे पैसे नाहीत, आणि नंतर काही घ्यायलाच पाहिजे असंही नाही. सोमवारी दुकान बंद असतं. छोटा टॉर्च सोबत आणणार असाल तर मोकळ्या हवेत, आसपास जाळ नसताना रिकामा करून आणा. गॅस भरलेला एसटीत घेऊन बसू नका.