आळशी सोनं आणि कष्टाळू कंबर

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत देशातून आई-बाबा आले की पहिल्या तीन शनिवार-रविवारांत गोल्डन गेट, लेक टाहो आणि मंदिर उरकतं. चौथ्या शनिवारी कुणीतरी कोलोमाचं नाव काढतं. बे एरियातून गाडीनं अडीच-तीन तास, अमेरिकन नदीचा दक्षिण फाटा, आणि ‘तिथे नदीत सोनं मिळतं’ एवढी माहिती. एवढ्यावर माणसं निघतात याचं मला नवल वाटत नाही. १८४८ नंतरच्या सात वर्षांत तीनेक लाख लोक याहून कमी माहितीवर निघाले होते, तेही बहुतेक सगळे आपला गाव सोडून. नवल याचं वाटतं, की सोबत पराठे, लोणचं, थर्मास, छत्री सगळं घेतात आणि कंबरेचा पट्टा कुणीच घेत नाही.

कारण नदीतलं सोनं शोधणं हे साहस वगैरे नसून उकिडवं बसण्याची परीक्षा आहे. सिएरा पर्वतावरचं बर्फ वितळून आलेल्या पाण्यात मनगटं बुडवून, पाठीचं धनुष्य करून, एकाच हालचालीची शेकडो आवर्तनं करायची. दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. वीस मिनिटांत गुडघे बोलू लागतात. उलटी बादली किंवा बुटकं स्टूल जवळ असेल तरच तासभर टिकाव लागतो. ‘योगासनं करतो मी रोज’ असं सांगणारे गृहस्थ इथे सर्वांत आधी उठून उभे राहतात, असं माझं निरीक्षण आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तोही फारसा उत्साहवर्धक नाही. २४ जानेवारी १८४८ रोजी याच कोलोमात जेम्स मार्शलला जॉन सटरच्या लाकूड कापायच्या पाणगिरणीच्या चरात काहीतरी चमकताना दिसलं. त्यानं ते दगडावर ठेवून ठोकलं. चपटं झालं, फुटलं नाही. मग तिथल्या स्वयंपाकाचं बघणाऱ्या जेनी विमर यांनी तो खडा साबण करायच्या कढईतल्या क्षारात उकळला. खडा जशास तसा निघाला आणि अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी धावपळ एका बाईच्या कढईतून पक्की झाली. पुढे मार्शल १८८५ मध्ये कफल्लक अवस्थेत गेला. सटरच्या जमिनीवर लोकांनी ठाण मांडलं. पैसा केला तो सॅम ब्रॅननने, ज्यानं सोनं न शोधता शोधणाऱ्यांना फावडी आणि घमेली विकली. शेवटी त्याचंही सगळं गेलं, ती गोष्ट वेगळी.

आता कामाचं बोलू. सोनं अतिशय आळशी असतं, एवढं एक ध्यानात ठेवलं की बाकी सगळं आपोआप कळतं. साध्या गारगोटीची वाळू पाण्याच्या २.६५ पट जड, मॅग्नेटाइट या लोहखनिजाची काळी वाळू ५.२ पट आणि शुद्ध सोनं १९.३ पट. नदीच्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, त्यामुळे ते थोडं हलकं, पण वाळूच्या मानानं कितीतरी जड. पुरात सगळ्यांबरोबर तेही निघतं, मात्र पाण्याचा जोर जरा कमी झाला की पहिल्यांदा बसतं. वळणाच्या आतल्या बाजूला बसतं. मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी घुटमळतं, तिथे बसतं. प्रवाहाला आडव्या गेलेल्या कातळाच्या भेगेत तर असं शिरतं की पुढचा मोठा पूर येईपर्यंत हलत नाही. दगडावरच्या शेवाळात आणि काठच्या झाडांच्या मुळांत बारीक कण अडकतात. चिकणमातीचा कडक थर लागला तर त्यालाच तळ समजून त्यावर मुक्काम करतं. आणि पर्यटक कुठे शोधतात? गाडी लावली तिथून सर्वांत जवळच्या, पाय न घसरणाऱ्या, छान मऊ वाळूत. त्या वाळूत सोनं नसतं, कारण ती वाळू तिथे हलकी म्हणूनच येऊन पडलेली असते.

पॅन म्हणजे नदीची वाळू धुवायचं पसरट ताट. तो १४ इंची, प्लॅस्टिकचा, हिरवा किंवा काळा घ्यावा. या रंगांवर पिवळा कण चटकन दिसतो. नव्या पॅनला कारखान्यातला तेलकटपणा असतो. तो भांड्यांच्या साबणानं आणि मूठभर वाळूनं घासून काढला नाही तर बारीक सोनं त्या तेलाला चिकटून पाण्यावर तरंगतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत सॅक्रामेंटोकडे रवाना होतं. एवढं जड सोनं तरंगतं कसं, असा रास्त प्रश्न बाबा विचारतात. पिठासारखा कण पाण्याच्या पृष्ठताणावर उभा राहू शकतो. पॅनमध्ये साबणाचा एक थेंब टाकला की बुडतो.

पॅनच्या एका बाजूला खाचा असतात. ती बाजू तुमच्यापासून लांब आणि खाली हवी. उलटा धरला तरी पॅन तक्रार करत नाही, फक्त सोनं बाहेर जातं.

पॅन पाऊण भरा. पूर्ण पाण्यात बुडवा. आधी चिकणमातीची ढेकळं बोटांनी कुस्करून अगदी विरघळवा, कारण न फुटलेलं ढेकूळ गडगडताना सोन्याचे कण अंगाला चिकटवून घेऊन जातं. मोठे गोटे पाण्यातच धुऊन बाहेर टाका. मग पॅन सपाट धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवा. ‘जोरात’ या शब्दावर माझा भर आहे. नवखा माणूस इथे हळुवार होतो, जणू आतलं सोनं झोपलेलं आहे. वाळू पूर्ण सैल होऊन पातळ झाली तरच जड कण तिच्यातून खाली उतरतात. मग पॅन पुढे कलता करून पाणी आत-बाहेर घ्या. वरचा हलका थर वाहून जाईल. पुन्हा सपाट, पुन्हा हलवा, पुन्हा कलता. हे तांदूळ रोळण्याचंच काम आहे, फक्त निकाल उलटा: तिथे तळाशी राहिलेलं टाकतात, इथे त्याच्यासाठीच सगळा खटाटोप. त्यामुळे स्वयंपाकघरात रोवळी हाताळलेल्या आईंचा हात दुसऱ्याच पॅनला बसतो आणि यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहून आलेला मुलगा अजून पहिलीच वाळू सांडत असतो. सराफकट्ट्यावरची धूळ आणि भट्टीची राख धुऊन त्यातला सोन्याचा अंश काढणारे आपले झारेकरी पिढ्यानपिढ्या दुसरं काय करत होते?

शेवटी दोन चमचे काळी वाळू उरते. इथे नव्वद टक्के लोक घाई करतात. इतका वेळ धीर धरून ऐन शेवटी एक मोठा हिसका, आणि पॅन स्वच्छ. खरं तर या टप्प्यावर पेलाभर पाणी घेऊन पॅन गोल, अगदी सावकाश फिरवायचा. काळी वाळू शेपटीसारखी पसरत जाते आणि तिच्या मागच्या टोकाला, असलंच तर, सोनं मागे राहतं. हात खरंच बसला आहे का, हे तपासायचं असेल तर शिशाचे दहा बारीक छर्रे ठोकून चपटे करा, वाळूत मिसळा, पॅन धुवा आणि मोजा. दहा परत आले तर तुमचा हात चांगला. सात आले तर तीनदशांश सोनं तुम्ही नदीला परत देताय. शिसं तर सोन्यापेक्षा बरंच हलकं, ११.३ पट, म्हणून ही चाचणी कडक आहे. नंतर छर्रे मात्र सगळे वेचून घ्या.

आता ‘सापडलं!’ हा आरडाओरडा. बहुतेक वेळा तो अभ्रक असतो. अभ्रक पाण्यात गिरक्या घेत वर येतो, उन्हात चमचमतो आणि पॅनवर सावली केली की विझतो. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं आणि जागचं हलत नाही. पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज, असेल तर सुईच्या टोकानं दाबा: तो चुरतो, सोन्याला खड्डा पडतो. सारखं चमकून लक्ष वेधणाऱ्या वस्तूकडे दुर्लक्ष करावं, एवढा नियम पुरतो.

हिशेबही करून टाकू. एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका जाड कण घ्या. नदीच्या सोन्याची घनता १७ धरली तर त्याचं वजन १.७ मिलिग्रॅम. म्हणजे एक गुंज भरायला असे ७० कण, आणि दहा ग्रॅमची अंगठी करायची तर ५,९००च्या आसपास. आणि हा कण चांगला मोठा म्हणायचा; पॅनमध्ये येतात ते यापेक्षा बारीकच. शिवाय ते ८०-९० टक्केच शुद्ध, त्यामुळे घट धरावी लागते ती निराळीच. मेकिंग चार्जेसबद्दल मी बोलत नाही, ते ज्यानं उकिडवं बसून भरलेत त्याला ठाऊक.

अंगठीवरून आठवलं. बोटातली अंगठी घरी ठेवून जा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निसटते, हे एक कारण. दुसरं जास्त गंभीर आहे: एकोणिसाव्या शतकातल्या खाणवाल्यांनी सोनं पकडायला पारा वापरला आणि त्यातला पुष्कळसा या नद्यांत सांडला. अजूनही पॅनच्या तळाशी चांदीसारखा थेंब किंवा पांढरट लेप चढलेला कण दिसू शकतो. तो थेंब अंगठीला लागला की अंगठी पांढरी पडते. असा कण वेगळ्या बाटलीत बंद करा. पारा उडवून टाकू म्हणून गॅसवर तापवण्याचा विचारही करू नका, ती वाफ विषारी असते.

नियम साधे आहेत. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत, जिथे मुभा आहे तिथे, फक्त हात आणि पॅन. फावडं नाही, खुरपं नाही, स्क्रू-ड्रायव्हरनं भेग उकरणं नाही. माणशी रोज १५ पौंड, म्हणजे जेमतेम सात किलो माल. कोलोमाच्या उद्यानात गिरणीसमोरच्या पलीकडच्या काठावरच पॅन धुता येतो. उद्यानाबाहेरच्या सरकारी जमिनीवर साधी हत्यारं चालतात, पण तिथे आधी कुणाचा खाणकामासाठी नोंदलेला दावा नाही ना, हे बघून मगच बसावं. दुसऱ्याच्या दाव्यात बसून ‘आम्ही फक्त बघत होतो’ म्हटलेलं तिथल्या लोकांना पटत नाही. तळ उपसणाऱ्या पंपांना तर २००९ पासून बंदी आहे, त्यामुळे मेव्हण्यानं सुचवलेली मोटर घरीच राहू द्या.

दोन इशारे. वरच्या चिली बार धरणातून वीज आणि राफ्टिंगसाठी पाणी सोडतात. सकाळी जिथे चप्पल ठेवली ती जागा दुपारी नदीत असते. सुटण्याच्या वेळा आधी बघा. आणि काठावरच्या तीन-तीन चकचकीत पानांच्या झुडपाला हात लावू नका. ते पॉइझन ओक, आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. बिब्बा उतल्यावर काय होतं हे आजीला विचारा, ती सविस्तर सांगेल. त्याचं तेल कपड्यांवरही टिकतं, म्हणून घरी आल्यावर ते कपडे वेगळे धुवावेत.

सापडलेले कण काचेच्या छोट्या नळीत पाणी भरून त्यात ठेवतात. पाण्यामुळे ते मोठे दिसतात. सगळेच असं करतात, कुणी बोलत नाही.

उरलेली काळी वाळू घरी आणलीत तर ती वाळवा, कागदावर पातळ पसरा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेली वाळू झटकन सुटते; उघडं चुंबक फिरवलंत तर ती आठवडाभर खरवडत बसाल. राहिलेलं पुन्हा पाण्यातून काढायचं ते टबात, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. ही वाळू सिंकखालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसते आणि तिथून ती काढायला येणारा माणूस तासावर पैसे घेतो. टबातलं पाणी ओतण्यापूर्वी तळाचा गाळ आणखी एकदा पॅनमधून फिरवा. पहिल्या धुण्यात एखाददुसरा कण निसटतोच, आणि तो सापडल्याशिवाय बाबा जेवायला उठत नाहीत.