एकट्याने देश बदलताना विमानतळावर नेमकं कुठे अडतं

पाठीवर सॅक घेऊन एकट्याने देशामागून देश फिरायचं म्हटलं की लोकांना आधी विमानाची काळजी वाटते. खरं तर सीटवर बसून पट्टा लावला की बरीचशी कटकट संपलेली असते. प्रवास फसतो तो जमिनीवर, चेक-इन काउंटरवर आणि दोन विमानांच्या मधल्या तासांत. दोघं-तिघं असले की एक जण रांगेत थांबतो, दुसरा कागद शोधतो. एकट्याला ती सोय नाही. म्हणून ही पोस्ट मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, विशेषतः पहिल्यांदाच एकटं निघणाऱ्यांसाठी.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की परक्या देशाची हद्द एअरलाइनच्या काउंटरवरच सुरू होते. तिथल्या इमिग्रेशनने तुम्हाला नाकारलं तर परत नेण्याची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बहुतेक देश वर दंडही लावतात. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी धोका पत्करत नाही. त्याच्यासमोर टिमॅटिक नावाचा डेटाबेस असतो. कुठला पासपोर्ट, कुठला देश, वाटेत कुठे थांबा, यावरून व्हिसा आणि कागदांचे नियम तो दाखवतो. हीच माहिती आयाटा या एअरलाइनच्या जागतिक संघटनेच्या ट्रॅव्हल सेंटर साइटवर प्रवाशांनाही बघता येते. तिकीट काढण्याआधी बघा, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. कर्मचारी नियम चुकीचा वाचतोय असं वाटलं तर आवाज चढवू नका. सुपरवायझरला बोलवायची विनंती करा आणि नियमाची ओळ दाखवा.

या टप्प्यावर अडतं ते ठरावीक गोष्टींवर. पासपोर्टची मुदत ही पहिली. अनेक देश सहा महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, हिशोब वेगळा आहे: तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने शिल्लक हवेत आणि पासपोर्ट काढून दहा वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको. दुसरी गोष्ट नाव. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी एअरलाइन अशा वेळी काय लिहायला सांगते ते बुकिंगच्या आधी वाचावं, कारण नंतर नाव बदलायला स्वस्त एअरलाइन भरपूर पैसे घेतात.

तिसरी गोष्ट, आणि बॅकपॅकरला सगळ्यात जास्त नडणारी, म्हणजे त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट. पुढचं काही ठरलेलं नसतं, म्हणून आपण एकेरी तिकीट काढतो. काउंटरवर विचारतात, 'बाहेर कधी पडणार?' इथे 'बघू' हे उत्तर चालत नाही. पूर्ण पैसे परत मिळणारं तिकीट काढून नंतर रद्द करणं हा सरळ मार्ग. नाहीतर शेजारच्या देशात जाणारं स्वस्तातलं स्वस्त तिकीट काढा आणि ते वाया जाईल असं धरून चाला. सीमेपलीकडे जाणाऱ्या बसचं तिकीट काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी कर्मचारी विमानाचंच मागतात. खाडाखोड करून बनवलेली पीडीएफ मात्र कधीही दाखवू नका. पीएनआर तिथल्या तिथे तपासता येतो आणि खोटा निघाला की प्रवास संपलाच.

डिजिटल अरायव्हल कार्डं ही अलीकडची भर. मलेशिया, सिंगापूर आणि १ मे २०२५ पासून थायलंड, तिन्हीकडे पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो सरकारी साइटवर फुकट असतो. शोधल्यावर वर दिसणाऱ्या, हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या साइट त्याच फॉर्मचे पैसे उकळतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या यलो फीव्हरच्या पट्ट्यातून पुढे जाणार असाल तर लशीचं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य धरलं जातं, म्हणजे आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही.

आता सुट्या तिकिटांकडे वळतो. माझ्या मते एकट्याने फिरणाऱ्यांचं सर्वाधिक नुकसान इथे होतं.

एकाच पीएनआरवर दोन विमानं असली आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही एअरलाइनची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं काढून स्वतः जोडली तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. तिकीट बुडतं. आणि त्या दुसऱ्या तिकिटावर पुढे आणखी टप्पे असतील तर तेही रद्द होतात, कारण पहिला टप्पा न उडवता पुढचे वापरता येत नाहीत. काही बुकिंग साइट 'सेल्फ ट्रान्सफर' अशा बारीक अक्षरांत हेच विकतात. तो शब्द दिसला की थांबा आणि मधल्या देशाचे नियम वाचा.

कारण अशा जोडणीत बहुतेक वेळा इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं, पट्ट्यावरून सॅक उचलावी लागते, कस्टममधून बाहेर पडून पुन्हा चेक-इन, पुन्हा सिक्युरिटी. म्हणजे मधल्या देशाचा व्हिसा लागतो, तुम्हाला तिथे एक तासही राहायचं नसलं तरी. अमेरिकेत तर आंतरराष्ट्रीय ट्रान्झिटची वेगळी सोयच नाही. विमान बदलायलाही प्रवेशाची परवानगी लागते. युरोपात दुसरा घोळ होतो: फ्रँकफर्टमार्गे रोमला जाताना शेंगेनचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, रोमला नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शेंगेनबाहेरच्या नागरिकांसाठी फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी ईईएस प्रणाली टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, रांग वाढते. दीड तासाची जोडणी अशा वेळी कागदावरच सुरेख दिसते.

शिवाय शहर एक आणि विमानतळ दोन, हा सापळा आहेच. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, टोकियोला नारिता आणि हानेडा, इस्तंबूलला एक युरोपीय बाजूला तर सबिहा गोकचेन आशियाई बाजूला. लंडनची तर यादीच आहे. तिकिटावरच्या शहराच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचा. सुटी तिकिटं जोडायचीच असतील तर माझा हिशोब असा: एकच विमानतळ असेल तर किमान पाच तास, विमानतळ बदलायचा असेल तर सरळ रात्रभराचं अंतर. आणि दुसरं विमान त्या दिवसाचं शेवटचं नको. याने वाचलेले पैसे थोडे कमी होतात, पण सगळेच बुडण्याची वेळ येत नाही. विम्यावर भिस्त ठेवायची असेल तर 'मिस्ड कनेक्शन'चं कलम आधी वाचा. बऱ्याच पॉलिसी स्वतः जोडलेली तिकिटं धरत नाहीत.

तारखेचा घोळ इतका साधा आहे की हुशार माणसंही फसतात. १५ तारखेचं विमान ००:३० ला असेल तर विमानतळावर १४ च्या रात्री पोहोचायचं. १५ च्या रात्री गेलात तर विमान सुमारे चोवीस तासांपूर्वी उडालेलं असतं. हॉस्टेलचं बुकिंगही याच हिशोबाने तपासा, कारण पहाटे तीनला पोहोचणाऱ्याला आदल्या रात्रीचा बेड घ्यावा लागतो.

सॅकबद्दल बोलायला हवं, कारण मशीनला सुटकेस आवडते, सॅक नाही. कमरेचा पट्टा आणि लोंबणाऱ्या दोऱ्या कन्व्हेयरच्या सांध्यात अडकतात, फाटतात आणि सॅक मागे राहते. चेक-इनच्या रांगेत लागण्याआधीच खांद्याचे पट्टे पूर्ण आवळा. कमरेचा पट्टा उलटा फिरवून सॅकच्या पुढच्या बाजूला आणा आणि तिथे बकल लावा. उरलेली टोकं गुंडाळून आत खोचा. पावसाचं कव्हर वर घालून चालत नाही, इलॅस्टिकचं ते कव्हर पट्ट्यावर सहज निघून येतं. सॅक आख्खी आत जाईल अशी मजबूत पिशवी मिळाली तर उत्तम. जुन्या प्रवासाचे बारकोडचे छोटे स्टिकर सोलून काढा, स्कॅनर तेही वाचतो. टॅग वरच्या जाड हँडललाच लावायला सांगा, आणि लावल्यावर त्यावरचा शेवटचा कोड वाचा: सॅक तुमच्या शेवटच्या मुक्कामाला जाणार की मध्येच उतरणार, हे तिथेच कळतं. आत सगळ्यात वर नाव, फोन, ईमेल लिहिलेला कागद ठेवा. अनेकदा सॅक ओव्हरसाइज काउंटरवर द्यायला सांगतात. तसं झालं तर उतरल्यावरही ती नेहमीच्या पट्ट्यावर न येता बाजूच्या ओव्हरसाइज दारातून येऊ शकते. तिकडे एक नजर टाकल्याशिवाय 'हरवली' म्हणून घाबरू नका.

ट्रेकिंगच्या काठ्या, तंबूच्या खुंट्या, चाकू चेक-इनमध्ये. गॅसचा डबा, अर्धा असो की रिकामा, कुठेच नाही. स्टोव्हला इंधनाचा वास येत असेल तर तोही काढून घेतात.

पॉवर बँकेचं गणित स्वतः करता यायला हवं. तिच्यावर छापलेल्या क्षमतेच्या आकड्याला, म्हणजे एमएएचला, ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा, वॉट-अवर मिळतात. २०,००० एमएएच म्हणजे ७४. सर्वसाधारण मर्यादा १०० ची आहे. १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढची नेता येत नाही. ३०,००० ची पॉवर बँक १११ भरते, म्हणजे काउंटरवर वाद ठरलेला. छापील आकडे पुसले गेले असतील तर सिक्युरिटीवाले ठेवून घेतात. ती केबिनमध्येच न्यायची, कारण लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येते, खालच्या सामानात येत नाही. इथे एक चूक फार होते. विमान भरलेलं असलं की गेटवर तुमची केबिन बॅग काढून खाली पाठवतात. त्या क्षणी पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं आणि पैसे बाहेर काढायचे असतात, आणि घाईत ते राहून जातं. हे सगळं पहिल्यापासून एका छोट्या पिशवीत ठेवलं तर ती उचलून बॅग देता येते.

रात्रीचा मुक्काम विमानतळावर करायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी तपासा. चेक-इन साधारण तीन तास आधी उघडतं, त्याआधी सहसा सॅक देऊन सिक्युरिटीच्या आत जाता येत नाही. म्हणजे रात्र बाहेरच्या हॉलमध्ये जाते, आणि काही विमानतळ रात्री तोही हॉल बंद करतात. उलट ट्रान्झिटमध्ये असाल आणि व्हिसा नसेल तर बाहेर पडता येत नाही. झोपताना सॅकचा पट्टा पायात अडकवा, छोटी पिशवी कपड्यांच्या आत. टॉयलेटला जाताना सॅक आत घ्या, अपंगांसाठीचं मोठं केबिन मात्र त्यांच्यासाठीच सोडा. अनोळखी माणसाला 'जरा लक्ष ठेवाल का' म्हणू नका आणि कुणाचं सामान दोन मिनिटांसाठीही सांभाळू नका. 'माझं वजन जास्त भरतंय, हे पाकीट तुमच्यात टाका' म्हणणारा माणूस कितीही सज्जन वाटो, उत्तर 'नाही' हेच.

विमानतळाचं वायफाय अनेकदा मोबाइलवर ओटीपी मागतं, आणि परदेशात तुमचं सिम बंद असतं. म्हणून बोर्डिंग पास, हॉस्टेलचा पत्ता, पुढचं तिकीट सगळं फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक प्रत कागदावर. कार्डं दोन, वेगवेगळ्या नेटवर्कची, वेगवेगळ्या ठिकाणी. एटीएम 'तुमच्या चलनात हिशोब करू का' विचारतं तेव्हा नकार द्या. तो दर जवळजवळ नेहमीच वाईट असतो.

इमिग्रेशनवर उत्तरं छोटी आणि खरी. किती दिवस, कुठे राहणार, परत कधी, काम काय करता. पहिल्या रात्रीचा पत्ता हवाच. हॉस्टेलमध्ये मदत करून फुकट राहण्याचा बेत अनेक देशांत काम म्हणूनच धरला जातो, आणि पर्यटक व्हिसावर काम चालत नाही. त्यामुळे असा बेत करण्याआधीच नियम वाचा, तिथे उभं राहून शब्द फिरवण्यापेक्षा ते बरं. शिक्का मारल्यावर तारीख आणि दिलेले दिवस खिडकीपाशीच वाचा. चूक तिथे दुरुस्त होते, महिन्याने बाहेर पडताना दंड होतो.

सॅक आली नाही तर कस्टमच्या बाहेर पडण्याआधी बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक (पीआयआर) घ्या. विमान प्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे. ती आपोआप मिळत नाही, प्रत्यक्ष नुकसान दाखवावं लागतं.

युरोपियन युनियनमधून निघालेल्या कुठल्याही विमानाला, आणि तिथे येणाऱ्या युनियनमधल्या एअरलाइनच्या विमानाला, २६१/२००४ हा प्रवाशांच्या भरपाईचा नियम लागतो. पासपोर्ट कुठलाही असो. पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर एअरलाइनच्या दोषाने झाला तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो, आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे विमानाचं दार उघडलं ती. वादळामुळे झालेल्या उशिराची भरपाई नाही, पण खाणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल तेव्हाही द्यावंच लागतं. काउंटरवर व्हाउचर पुढे केलं तर सही करण्याआधी वाचा, भरपाई पैशांतच मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. हॉटेल द्यायला कुणीच नसेल तर वाजवी खर्च करा, प्रत्येक पावतीचा फोटो काढा आणि बोर्डिंग पासची प्रत पैसे खात्यात येईपर्यंत फेकू नका.