हरीवर हवाला, पण डोकी मोजून

"देवाच्या दारातून कुणाला परत पाठवायचं नाही." पूर असो की भूकंप, श्रद्धेपोटी मदतीला उतरणारा जवळपास प्रत्येक गट हे वाक्य म्हणतोच. अगदी बरोबर आहे ते. घोळ पुढच्या वाक्यात असतो: "होईल सगळं, तो बघून घेईल."

२० बाय ३० मीटरचा प्रार्थनेचा हॉल धरा, ६०० चौरस मीटर. मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांप्रमाणे माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा लागते, तीही स्वयंपाक-न्हाणी सोडून. म्हणजे कागदावर १७१ माणसं. जाण्यायेण्याची वाट सोडली की त्याहून कमी. दारात ५०० आली तर? दुसरी-तिसरी जागा आधीच बोलून ठेवलेली हवी. तिची किल्ली कुणाकडे, रात्री दोनला फोन कोण उचलणार, हेही लिहिलेलं हवं. एवढं केलं नसेल तर पहिलं वाक्य बोलूच नये.

याच ५०० माणसांना दिवसाला माणशी १५ लिटर धरून ७,५०० लिटर पाणी लागतं. ५,००० लिटरची टाकी असेल तर रोज दीड टाकी. टँकरची एक खेप हुकली की संध्याकाळी ठणठणाट. २५० माणसांमागे एक नळ या हिशेबाने दोन पुरतात, पण तीन लावा, एखादी तोटी गळतेच. शौचालयं सुरुवातीला ५० जणांमागे एक, मुक्काम लांबला की २० मागे एक. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, आतून कडी आणि रात्रभर दिवा. हे नसलं तर बायका पाणी पिणंच कमी करतात.

सगळ्यात जास्त गफलत क्लोरिनची. गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरिन गाळातच खर्ची पडतं, जंतू तसेच राहतात. आधी पाणी निवळू द्या, गाळा. पावडर बादलीत कालवून वरची निवळी तेवढी टाकीत ओता. अर्धा तास थांबून नळावर तपासा: लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं दिसलं पाहिजे. नुसता वास आला म्हणून सोडून देऊ नका. उघड्या राहिलेल्या पोत्याचा जोर उतरतो, त्यामुळे गेल्या वेळचं माप या वेळी चालेलच असं नाही.

जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांबद्दल एवढंच: मागितल्याशिवाय घेऊ नका. निवडायला माणसं अडकतात आणि औषधांची जागा जाते.

प्रार्थना जरूर करा, पण वाटपाच्या रांगेत नको. रेड क्रॉस आणि इतर संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे: मदत गरज बघून द्यायची, धर्म बघून नाही, आणि तिच्या आडून धर्माचा प्रचारही करायचा नाही. हातात भांडं घेऊन उभा असलेला माणूस 'नको' म्हणू शकत नाही.

उलट बाजूही आहे. फॉर्म भरून होईपर्यंत गाडी न हलवणारे नियोजनबहाद्दर मला तितकेच खटकतात. खरा विश्वास इथे लागतो, आणि तो तिथल्या माणसांवर. ढिगाऱ्याला पहिला हात शेजारीच लावतात. कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. मदत कुणाला द्यायची याची यादी त्यांनाच करू द्या. मग ती भिंतीवर चिकटवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. राहिलेली नावं आणि दोनदा घुसलेली नावं, दोन्ही तिथल्या तिथे बाहेर येतात.