माप घ्यायला या, पैसे कशाचे?

"चार ठिकाणचं कोटेशन घेतल्याशिवाय मी कुणाला काम देत नाही," असं मास्तर म्हणाले आणि तिथून जे पेटलं, ते चहावाल्यानं बाकडी आत घ्यायला काढली तरी विझलं नव्हतं.

आसरा चौकाजवळ जेवणं उरकून आम्ही बसतो. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, रात्री घरातल्या भिंतीसुद्धा तापलेल्या असतात, त्यामुळं कट्टा उशिरापर्यंत हलत नाही. मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, जुळे सोलापुरातल्या घरावर वरचा मजला चढवतायत. वायरमन, पेंटर आणि मी हातावरच्या धंद्यातले. माझं फॅब्रिकेशन: ग्रील, गेट, पत्र्याचं शेड. अण्णांचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. एक जण वकिलाच्या ऑफिसात बसतो, त्याला आम्ही वकीलच म्हणतो.

"म्हणजे तिघांना फुकट पळवायचं हे ठरवूनच बोलावता की मास्तर," वायरमन म्हणाला.

"पळवायचं कसलं? बघायला या म्हणतो. नवी पेठेत दुकानदार दहा साड्या उलगडून दाखवतो. बघायचे पैसे मागतो का?"

हा सवाल बहुतेक गिऱ्हाइकांच्या मनात असतो, मास्तरांनी तो तोंडावर विचारला हे मला आवडलं. मी म्हणालो, मास्तर, साडी घडी घालून परत ठेवता येते, पुढच्या गिऱ्हाइकाला तीच दाखवता येते. तुमच्या खिडकीचं माप दुसऱ्या कुणाच्या खिडकीला बसत नाही. तुम्ही नाही म्हणालात की तो कागद रद्दी.

"टेप लावायची, लिहून घ्यायचं. किती वेळ लागतो?"

तेव्हा मी त्यांना एका खिडकीचं सांगितलं. रुंदी एकदाच मोजून भागत नाही. वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची, कारण प्लास्टर कुठंतरी पोट काढतंच. तिन्हीतलं सगळ्यात कमी माप धरायचं. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते जुळले नाहीत तर खिडकी गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, ग्रील त्या हिशोबानं सैल धरावी लागते. त्यानंतर लोखंड. चार बाय चार फुटांची खिडकी, १२ मिलिमीटरचे चौकोनी बार, चार-चार इंचांवर. उभे बार ११ लागले, म्हणजे ४४ फूट. हा बार मीटरला एक किलो १३० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसते उभे बारच पंधरा किलो. त्यात बाहेरची पट्टी, आडव्या पट्ट्या, वेल्डिंगच्या कांड्या, रेड ऑक्साइड, वरचा रंग, बसवणावळ. अशा आठ खिडक्या, शिवाय जिन्याचं रेलिंग, आणि जिन्याची प्रत्येक पायरी सारखी असतेच असं नाही. दिवसा दुकानात कटिंग-वेल्डिंग चालू असतं, त्यामुळं हा हिशोब रात्री घरी बसून होतो. पोरं झोपलेली असतात तेव्हा.

मास्तर गप्प बसले नाहीत, पण "किती वेळ लागतो" हे पुन्हा म्हणाले नाहीत.

मला वाटलं होतं पेंटर माझ्या बाजूनं उभा राहील. तो उलटला.

"तू घे बे पैसे, मला जमणार नाही. मी फोनवर शंभर रुपये जरी म्हणालो ना, तर गिऱ्हाईक दुसऱ्याला फोन लावतंय. माझं काम घरी गेल्यावरच मिळतं. भिंतीला हात लावला, नखानं खरवडलं, पांढरी पावडर हातात आली, की वहिनींना सांगता येतं, इथं ओल आहे, आधी वरचं गळणं थांबवा, नाहीतर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंगाचे दोन हात मारले तरी वर्षात पोपडे येतील. मग त्यांना विश्वास बसतो. मला दुकान नाही, बोर्ड नाही. माझं जाणं हीच माझी जाहिरात."

हे खोटं नाही. नवीन माणसाला आणि ज्याचं काम नुसत्या नजरेनं ठरतं त्याला पैसे मागणं अवघड जातं. पण वायरमन उसळला. "अरे पण ओल आहे हे सांगितलंस, म्हणजे काम केलंस की! तेवढं ऐकून ते दुसऱ्याकडून वॉटरप्रूफिंग करून घेतात आणि रंग तिसऱ्याला देतात."

मग त्यानं त्याचं सांगितलं, आणि सगळ्या रात्रीतलं मला सगळ्यात पटलेलं ते हेच. एका बंगल्यात सारखा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत होता, ३० मिलिअँपिअरचा. गिऱ्हाइकानं "खर्च किती येईल ते सांगायला या" म्हणून बोलावलं. यानं एकेक सर्किट काढून बघितलं, शेवटी गच्चीवरच्या एका बोर्डात कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेलं सापडलं. सापडेपर्यंत दुपार गेली. दुरुस्ती म्हणजे एक वायर सोडवून जागेवर लावायची, पाच मिनिटांचं काम. गिऱ्हाईक म्हणालं, बरं, कळवतो. नंतर समजलं की शेजारच्या पोराकडून ती वायर सोडवून घेतली.

"याला कोटेशन म्हणायचं? दोष शोधणं हेच माझं काम होतं. ते झालं तेव्हा काम संपलं. कंपनीचा माणूस वॉशिंग मशीन बघायला येतो तेव्हा व्हिजिट चार्ज देता ना मुकाट्यानं? त्याच्या खिशावर बिल्ला असतो म्हणून?"

मास्तर म्हणाले, "हे मात्र खरं आहे." पुढं त्यांनी त्यांची बाजू मांडली आणि तीही ऐकण्यासारखी होती. पहिल्या मजल्याच्या वेळी एकानं त्यांना कागदाच्या चिठोऱ्यावर एक ठोक रक्कम लिहून दिली होती. काम अर्ध्यावर आलं आणि रोज नवीन ऐकू यायला लागलं, "हे त्यात नव्हतं, मालक." उचल गेलेली, मिस्त्री बदलता येईना. "तेव्हापासून मी सविस्तर मागतो. कुठला बार, किती इंचांवर, रंगाचे हात किती, सगळं. आणि एकट्याचं बघून मला कसं कळणार भाव रास्त आहे का? पेन्शनीतला पैसा आहे हा."

मास्तरांची मागणी बरोबर आहे. गिऱ्हाइकाला सविस्तर कागद मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की तो कागद बनवणं हे काम आहे आणि त्याचे पैसे होतात. अंदाज फुकट द्यावा, माप आणि तपशील फुकट देऊ नये.

अण्णा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "चौघांचं जाऊ दे, तीन कोटेशनच्या फाईलचं काय बोलत नाही कुणी?"

सगळे हसले, पण हे दुखणं मोठं आहे. ट्रस्ट, सोसायटी, शाळा, सगळीकडं फाईलला तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता लागतो. नियम चांगल्यासाठीच आहे, कुणी आपल्या भावकीला चढ्या भावानं काम देऊ नये म्हणून. पण बऱ्याचदा काम कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि उरलेले दोघं नुसती फाईल भरायला धावतात. मला एका संस्थेनं शेडचं कोटेशन मागितलं होतं, ड्रॉइंगसकट. गाळा किती, उंची किती, ट्रस, म्हणजे छताची लोखंडी कैची कशी, त्यावरच्या पत्रा धरणाऱ्या आडव्या पर्लिन किती अंतरावर, सगळं काढून दिलं. काही महिन्यांनी तिथून गेलो तर शेड उभं होतं, ट्रस माझ्या ड्रॉइंगमधला. मला बांधकामाचं दुःख नाही, ज्यानं केलं त्यानं चांगलं केलंय. पण ते डोकं माझं होतं आणि त्याचा एक रुपया मला मिळाला नाही, याचा राग अजून जात नाही.

"मीपण तीन मागवतो," अण्णा म्हणाले, "पण ठरलं असलं तर सांगतो, बाबा, फाईलसाठी पाहिजे, लेटरहेडवर रेट टाकून दे, येऊ नको."

"तेपण चूकच की अण्णा," वकील म्हणाला. "ठरवून केलेली तुलना म्हणजे तुलनाच नाही." यावर अण्णा आणि वकील यांचं वेगळंच सुरू झालं, ते इथं देत बसत नाही. पण वकिलानं एक कामाची गोष्ट सांगितली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं आपण दिलेलं पक्कं कोटेशन हा प्रस्ताव धरला जाऊ शकतो, आणि त्यात मुदत लिहिली असेल तर मुदत संपली की प्रस्तावही संपतो. म्हणून खाली "हा दर १५ दिवसांपुरता" एवढी ओळ लिहायचीच. लोखंडाचा भाव वर गेल्यावर दिवाळीचा कागद घेऊन चैत्रात येणारी माणसं मी बघितली आहेत. मुदत लिहिलेली असली की भांडण होत नाही.

"मग तू करतोस काय नेमकं?" पेंटरनं मला विचारलं.

मी आधी फोनवरच बोलतो. फोटो मागवतो. स्लॅब पडला आहे का, प्लास्टर झालंय का, काम कधी काढायचं, घरात ठरवणारं कोण. स्लॅबच पडला नसेल तर ग्रीलचं माप घेऊन उपयोग नाही, तेव्हा फुटाचा साधारण भाव सांगतो, अमुक ते तमुक एवढ्यात बसेल म्हणतो. तेवढ्यावर निम्मे फोन थांबतात, आणि थांबलेले बरे. तो आकडा ऐकूनही ज्याला बोलवायचं असतं त्याच्याकडं माप घ्यायला जातो, पाचशे रुपये घेऊन. काम मिळालं तर ते बिलातून वळते करतो.

"पाचशे ऐकून पळत नाहीत?"

पळतात. पण जे राहतात त्यांच्यातले बरेच काम देतात. आणि एक सांगतो, पैसे घेतले की माझंही माप नीट होतं. फुकटच्या मापात मन लागत नाही, घाईनं अंदाज टाकला जातो, आणि त्याचा फटका गिऱ्हाइकालाच बसतो.

पेंटर मान हलवत राहिला. "तुझं नाव झालंय म्हणून."

"बरं, पैशाचं राहू दे," वायरमन मास्तरांकडं वळला. "काम दुसऱ्याला दिलं तर निदान फोन करून सांगत जा. 'घरी विचारून सांगतो', 'सण झाल्यावर बघू'. आम्ही तारखा धरून बसतो, दुसरं काम पुढं ढकलतो. नाही म्हणा की सरळ!"

मास्तर जरा अवघडले. "तोंडावर नाही म्हणायला संकोच वाटतो रे. माणूस घरी येऊन चहा पिऊन गेलेला असतो."

"तोंडावर नको, मेसेज टाका."

हे त्यांनी कबूल केलं. मग मलाच म्हणाले, "उद्या ये रेलिंगचं माप घ्यायला. पाचशे देतो. पण काम तुला नाही दिलं तर तो कागद माझा. मी तो तिघांना दाखवणार."

"दाखवा की. पैसे दिलेत म्हणजे कागद तुमचाच."

"काय बोलायलास बे!" वायरमन ओरडला. "तुझ्या मापावर दुसरा बसून रेट टाकणार, एक रुपया कमी!"

टाकू दे. त्याला माप न घेता रेट टाकता येईल, मास्तरांना चौघांचे भाव एकाच मापावर ताडून बघता येतील, आणि माझी संध्याकाळ फुकट जाणार नाही. फक्त एक अट मी घातली: माझ्या मापावर दुसऱ्यानं बनवलं आणि पायरीला बसलं नाही, तर मला बोलवायचं नाही, बनवायच्या आधी ज्यानं त्यानं आपलं माप तपासून घ्यायचं. मास्तरांना ही अट पटेना. पैसे घेतले तर मापाची जबाबदारीही घे, असं त्यांचं म्हणणं. वकील त्यांच्या बाजूला गेला, अण्णा माझ्या. पेंटर म्हणाला, उद्या मलाही भिंती बघायला बोलवा मास्तर, मी फुकट येतो.